बेटांची लावणी

आमच्या चिपळूणच्या घरात आम्ही सात भावंडं एकत्र वाढलो. त्यातलं चुलत कोण आणि आते कोण, हे बाहेरच्या माणसाने विचारलं तरच आठवायचं. निळा रंग म्हटला की सातही जणांच्या डोळ्यांपुढे आजही एकच वस्तू येते, ती म्हणजे बेनेडिक्टचं औषध. न्हाणीबाहेरच्या कट्ट्यावर स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळीत पाच मिलिलिटर निळं औषध, त्यात ड्रॉपरने मोजून टाकलेले ताईच्या लघवीचे आठ थेंब, आणि लाकडी चिमट्यात नळी धरून उकळीची वाट बघणारं आमच्यातलं कोणीतरी. निळं राहिलं की साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं तांबडं झालं की दिवसभर घराचा आवाज उतरलेला. "आज वीट!" अशी आरोळी मागल्या दारातून ओटीपर्यंत जायची. नवीन शेजाऱ्यांना बरेच दिवस वाटत होतं की यांनी बांधकाम काढलंय.

ताई म्हणजे काकांची मुलगी, माझ्याहून वर्षाने मोठी. १९७४च्या पावसाळ्यात, आठ वर्षांची असताना, ती रात्रीतून पाच-सहा वेळा उठून माठाशी जायला लागली. खायची दोघांचं आणि वाळत चालली होती काडीसारखी. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी टॉनिक. आजी मात्र न्हाणीच्या दगडाकडे बघत बसली होती. तिथे मुंग्यांची रांग लागली होती. "पोरीच्या लघवीला मुंग्या लागतायत," ती एवढंच म्हणाली, आणि काका त्याच दुपारी ताईला घेऊन कराडच्या एसटीत बसले. कुंभार्ली घाट चढेपर्यंत तिची शुद्ध अर्धीमुर्धी होती. सतरा दिवसांनी दोघं परत आली तेव्हा काकांच्या खांद्याला थर्मास होता. त्यात बर्फ, आणि बर्फात इन्शुलिनच्या दोन बाटल्या. एक दुधी, लेन्टे. दुसरी पाण्यासारखी, प्लेन.

घरात फ्रीज नव्हता. बाटल्या कुठे ठेवायच्या यावर ओटीवर बैठक बसली. त्यातच कोणाच्या तरी तोंडून निघून गेलं की हे औषध गाईगुरांच्या, डुकरांच्या पोटातल्या ग्रंथीतून काढतात. आमची आजी कडक सोवळ्याची. ती उठून आत गेली, जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर देवघरातला कोपरा सारवलेला, तिथे ओल्या वाळूचं मडकं, आणि मडक्यात त्या दोन बाटल्या, वर ओलं फडकं. घरातली सगळ्यात गार, काळोखी जागा तीच होती. आजीने कोणाला काही सांगितलं नाही आणि कोणी काही विचारलं नाही. फ्रीज आला १९८३ला. तोवर नऊ वर्षं ते मडकं गंगेच्या गडूशेजारीच राहिलं. शेवटची दोन वर्षं तर आजीही नव्हती.

सिरिंज काचेची. रोज सकाळी झाकणाच्या पातेल्यात उकळायची, सुईत बारीक तार घालून ती मोकळी करायची, आणि रविवारी काका निसण्यावर सुईला धार लावायचे. टोचायला आम्ही शिकलो पपनसावर. त्याची साल माणसाच्या मांडीसारखी लागते, असं काकांचं मत होतं. खरं म्हणजे तसं काही नव्हतं, पण परसातल्या झाडाच्या प्रत्येक पपनसाला त्या वर्षी भोकं पडलेली होती. ताई मात्र महिन्याभरात स्वतःची स्वतः टोचून घ्यायला लागली.

काका शाळेत विज्ञान शिकवायचे. ताईला नेमकं काय झालंय हे त्यांनी आम्हाला पाटीवर चित्र काढून सांगितलं. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड. त्यात जागोजागी पेशींचे बारके पुंजके, एका माणसात दहा लाखांच्या आसपास. त्यांना म्हणतात लँगरहॅन्सची बेटं. इन्शुलिन तिथे तयार होतं, आणि ताईची बेटं वाळलीत. आता कोकणातल्या पोरांना बेट म्हणजे एकच ठाऊक, बांबूचं. आमच्या विहिरीमागे होतं तसलं. ताईच्या पोटात बांबू आहेत हे आम्ही शाळेत जाऊन सांगितलंसुद्धा. आजीलाही ते पटलं. "बांबूला फुलं आली की अख्खं बेट एकदम वाळतं," ती म्हणाली. "तसंच झालं असेल." आपल्याच शरीराची राखणदार फौज या बेटांवर चालून जाते, ही गोष्ट काकांना पुढे काही वर्षांनी वाचायला मिळाली. तोवर आजीचं बांबूचं फूल हेच आमचं वैद्यकशास्त्र.

पॉल लँगरहॅन्स बर्लिनमधला विद्यार्थी. १८६९मध्ये त्याने ही बेटं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा वय एकवीस. ती काय कामाची, हे त्याला माहीत नव्हतं. मरेपर्यंत कळलंही नाही. पुढे क्षयाने गाठलं म्हणून तो हवापालटाला अटलांटिकमधल्या मदीरा बेटावर जाऊन राहिला आणि १८८८मध्ये तिथेच गेला. बेटं शोधणारा बेटावर गेला, हे काका इतक्या वेळा सांगायचे की आम्ही त्यांच्या आधी वाक्य पुरं करायचो.

वाळलेल्या बेटांच्या जागी दुसऱ्याची बेटं आणून लावता येतील, हे आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते १९७८च्या सुमारास. काकांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की अमेरिकेत सेंट लुईसला पॉल लेसी नावाच्या संशोधकाने उंदराच्या स्वादुपिंडातून ही बेटं सुटी करण्याची रीत बसवली, आणि १९७२मध्ये ती मधुमेही उंदरांना लावून त्यांची साखर उतरवून दाखवली. आषाढाचे दिवस होते. लावणीची माणसं पडवीत जेवायला बसलेली. काकांनी तिथल्या तिथे समजावलं, दाढीतला तरवा उपटून दुसऱ्या मळ्यात लावतात ना, अगदी तसं. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उंदरांची सोय झाली. माझ्या नातीची कधी?"

काकांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दोनशे पानी वही घातली.

आता आंब्यांबद्दल. मे महिन्यात मागल्या पडवीत आढी पिकायची आणि अख्ख्या घराला तो वास. ताईसमोर आंबा खायचा नाही, असा नियम कोणी सांगितलेला नव्हता. आमचा आम्हीच केला होता. विहिरीमागे, बांबूच्या आडोशाला जाऊन खायचो, तोंडं धुवायचो, राखेने हात घासायचो. परत आलो की ताई ओटीवर बसलेली असायची. एकेकाचा हात ओढून नाकाशी न्यायची. "पायरी." दुसऱ्याचा. "हापूस. पण डागी आहे." तिचं कधी चुकलं नाही. ती रडली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

रात्री मी तिच्या शेजारी झोपायचे. उशाशी पितळी डबीत साखर. तिच्या कपाळाला घाम फुटला, ती बडबडायला लागली की डबी उघडायची. हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून झोपेत करता येत होतं. लग्न होऊन पुण्याला गेल्यावरही कित्येक महिने मी मध्यरात्री उठून नवऱ्याच्या कपाळाला हात लावायचे. त्या बिचाऱ्याला वाटायचं, काय ही माया!

ताईचं लग्न झालं नाही. स्थळं यायची, साखरेचं कळलं की पत्रिका जुळायची नाही. ती पोस्टात लागली आणि पोस्टातूनच रिटायर झाली. १९९७मध्ये एकदा काउंटरवर नोटा मोजता मोजता ती मध्येच थांबली आणि तशीच बसून राहिली. रांगेतल्या लोकांना वाटलं, बाई आकडा विसरल्या. तिची साखर पार खाली गेली होती आणि तिला पत्ताच नव्हता. घाम नाही, थरथर नाही. वर्षानुवर्षं इन्शुलिन घेणाऱ्या काही जणांच्या शरीराची ही धोक्याची घंटा हळूहळू मुकी होते. इतकी वर्षं आम्ही वाढलेल्या साखरेला भीत होतो. खरी भीती उतरलेल्या साखरेची, हे तेव्हा घरात शिरलं.

म्हणूनच २०००मध्ये न्यू जर्सीच्या आतेभावाने टपालाने नऊ पानांची झेरॉक्स पाठवली तेव्हा काकांनी चष्मा पुसून ती तीनदा वाचली. कॅनडातल्या एडमंटनमध्ये, अल्बर्टा विद्यापीठात, जेम्स शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात मधुमेहींना दात्यांची बेटं दिली होती आणि सातही जणांचं इन्शुलिन सुटलं होतं. निवडलेले सगळे ताईसारखेच, ज्यांची साखर न सांगता कोसळते असे. सात हा आकडा आमच्या घरात शकुनाचा ठरायला वेळ लागला नाही.

काका तेव्हा निवृत्त. सगळा पावसाळा त्यांनी डिक्शनरी घेऊन ती झेरॉक्स मराठीत उतरवली. आधी त्यांनी 'द्वीपिका' असा शब्द लिहिला होता, मग खोडून सगळीकडे 'बेट' केला. मी गणपतीला गेले तेव्हा त्यांनी सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. मेंदू मृत झालेल्या दात्याचं स्वादुपिंड घ्यायचं. त्यात एक पाचकद्रव्य सोडून मांस सैल करायचं. मग एका बंद भांड्यात गोळ्या टाकून ते हलवत राहायचं. हे भांडं कॅमिलो रिकॉर्डी नावाच्या डॉक्टरांनी काढलेलं. मग गरगर फिरवून जड-हलकं वेगळं करायचं.

"ताक," काकू म्हणाली.

"ताकच. लोणी वर येतं तशी बेटं निराळी होतात. सगळी मिळून चमचा-दोन चमचे."

"आणि लावायची कुठे? स्वादुपिंडात?"

इथे काका थांबले, कारण हे त्यांनाही नवल वाटलं होतं. लावायची यकृतात. पोट फाडायचं नाही; बरगड्यांखालून बारीक नळी यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत घालायची आणि बेटं थेंबाथेंबाने सोडायची. ती वाहत जाऊन यकृतात ठिकठिकाणी अडकतात आणि तिथेच रुजतात. काकूने मान हलवली. तरवा कुठल्याही मळ्यात जीव धरतो, हे तिला सांगायला नको होतं. फक्त एका माणसाला दोन-दोन दात्यांची बेटं लागली होती, हे तिला खटकलं. "म्हणजे एकीच्या सुईसाठी दोन घरांत सुतक," ती म्हणाली.

आणि गोळ्या. परकी बेटं शरीराने मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, जन्मभर. एडमंटनवाल्यांनी त्यातून स्टेरॉइड वगळलं होतं, कारण बेटांना तेच बाधत होतं. ठेवलेल्यांतलं एक म्हणजे सिरोलिमस. ते पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून निघालं. ज्या सुरेंद्रनाथ सेहगल यांच्यामुळे ते हाती लागलं, त्यांनी कंपनीने काम बंद पाडल्यावर जंतूच्या कुप्या आपल्या घरच्या फ्रीझरमध्ये सांभाळल्या होत्या. बेटावरच्या मातीने बेटं राखायची, हे काकांना फार आवडलं. काकूला आवडला तो फ्रीझर. "त्यांच्याही बायकोला सारखं सांगावं लागत असेल, ह्या डब्याला हात लावू नका म्हणून."

ताई इतका वेळ मोदकांच्या पाऱ्या करत होती. काकांनी विचारलं, "तिकडे पत्र टाकू का?"

"मला कोणी विचारलंत का?" ती हात न थांबवता म्हणाली. "रोजची सुई जाणार आणि रोजच्या मूठभर गोळ्या येणार. सुई माझ्या ओळखीची आहे."

त्यावर कोणी बोललं नाही. मला तेव्हा तिचा रागच आला होता. बावीस वर्षं काका वहीत नोंदी करत होते आणि ही पारी मुरडत बसते! आज वाटतं, आम्ही सगळे जी वाट बघत होतो ती तिच्यासाठी किती आणि आमच्यासाठी किती, याचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. तिच्या सुईतून मोकळं आम्हाला व्हायचं होतं.

काकूने मात्र सोडलं नाही. २००५ची गोष्ट. वय तिचं एकसष्ट. जपानमध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात एका आईच्या स्वादुपिंडाचा साधारण अर्धा भाग काढून त्यातली बेटं मुलीला लावली, अशी बातमी आली. आई जिवंत, छप्पन्न वर्षांची, मुलगी सत्तावीसची. तीनेक आठवड्यांत मुलीचं इन्शुलिन बंद. काकूने कात्रण ब्लाउजमध्ये खोचलं आणि एकटी रिक्षा करून डॉक्टरांकडे गेली. "अर्धं माझं घ्या. ती छप्पन्नची, मी एकसष्टची, काय मोठा फरक आहे?"

डॉक्टर चांगले होते. त्यांनी तिला खुर्चीत बसवून सांगितलं की त्या जपानी मुलीचं स्वादुपिंड जुन्या सुजेने खराब झालं होतं; तिच्या शरीराचं बेटांशी वैर नव्हतं. ताईच्या शरीराने एकदा आपली मारलीत, ते आईचीही ओळख ठेवणार नाही. शिवाय अर्धं दिलंत तर उद्या तुम्हालाच साखर होईल. काकूने ते कात्रण घरी येऊन वहीत चिकटवलं. वर्षभराने तिथेच खाली काकांच्या अक्षरात आणखी एक नोंद होती. एडमंटनची रीत नऊ ठिकाणी छत्तीस जणांवर करून पाहिली. वर्षाच्या शेवटी सोळा जण इन्शुलिनविना, दोन वर्षांनी त्यातले उरले पाच. त्यापुढे काकांनी काही लिहिलेलं नव्हतं. फक्त एक गोष्ट अधोरेखित होती. इन्शुलिन परत घ्यावं लागलं तरी बेटं थोडीफार जगलेली असली, तर साखर न सांगता कोसळणं थांबतं. ते वाक्य त्यांनी ताईला वाचून दाखवलं होतं का, मला माहीत नाही. वहीच्या सुरुवातीला असलेली १८९३ची नोंद त्यांनी तिला दाखवली नव्हती, हे नक्की. ब्रिस्टलमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे शिवले होते. तीन दिवसांत गेला तो.

काका २०११ला गेले. वही खालच्या खोलीतल्या कपाटात, तळच्या कप्प्यात राहिली.

२२ जुलै २०२१च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी अंगणात आलं आणि बघता बघता ओटी चढलं. ताईने आधी इन्शुलिन उचललं, मग पेनाच्या सुया, मग काकूला. दोघी माळ्यावर गेल्या. खाली फ्रीज तरंगायला लागल्याचा आवाज येत होता, भिंतीवर धडका मारल्याचा. वीज नाही, फोन नाही. ताईने माळ्यावरचं जुनं मडकं शोधून काढलं, कौलावरून गळणाऱ्या पाण्याने फडकं भिजवलं आणि बाटल्या त्यात ठेवल्या. आजीने लावलेली ती सोय ३८ वर्षांनी परत कामाला आली.

पाणी उतरल्यावर आम्ही जमेल तसे पोचलो. घोट्यापर्यंत गाळ, आणि सगळीकडे तो वास. कपाटातून वही काढली तेव्हा ती फुगून पावासारखी झालेली. काका शाईच्या पेनाने लिहायचे. पानापानांतून शाई फुटून वही सबंध निळी झाली होती. लँगरहॅन्स, लेसी, एडमंटन, क्योटो, सगळं एकाच निळ्यात विरघळलेलं. मी ती हातात धरून उभी राहिले. ताईने वाकून बघितलं.

"निळं राहिलंय," ती म्हणाली. "साखर नाही."

आम्ही दोघी त्या गाळात उभ्या राहून इतक्या हसलो की काकू वरून ओरडली, काय झालं गो?

आता बातम्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर येतात. जून २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दात्यांच्या बेटांच्या उपचाराला परवानगी दिली, तेव्हा आतेभावाने फटाक्यांची चित्रं टाकली होती. २०२५च्या जूनमध्ये त्याने दुसरी बातमी पाठवली, मी चिपळूणलाच होते. मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली बेटं. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा जणांपैकी दहा जण वर्षाने इन्शुलिनविना. काकूला आता दिसत नाही फारसं, म्हणून मी मोठ्याने वाचलं.

"दाता लागत नाही म्हणजे?"

"तरवाच तिथे करतात. बरणीत."

"म्हणजे कोणाच्या घरी सुतक नाही."

"नाही."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या अजून आहेत."

काकूने जरा विचार केला. "मग अजून झालं नाही," ती म्हणाली. आतून आंब्याच्या शेवटच्या फळांचा वास येत होता. ताईने स्वतःसाठी दोन फोडी बशीत काढल्या होत्या आणि पेन हातात घेऊन मात्रा लावत होती. टक्, टक्, टक्. काकू मान कलती करून ऐकत होती, आणि तिचे ओठ मोजत होते.